रेडिएटरचा ब्रॅकेट भिंतीतून सुटलाय, काय करू?

रेडिंगकर: मंडळी, इकडे यूकेत बेडरूममधल्या रेडिएटरचा (गरम पाण्याने खोली तापवणारा, भिंतीवर टांगलेला) एक ब्रॅकेट हलतोय, स्क्रू नुसताच गोल फिरतो, भिंत प्लास्टरबोर्डची (जिप्समच्या पातळ पाट्यांची), ठोकलं की पोकळ वाजते. मोठा रॉलप्लग (स्क्रू धरून ठेवायला भोकात घालतात तो प्लग) घालून भागेल का?

जुना_खिळा: नाही हो, साधा रॉलप्लग विटेत धरतो, 12.5 मिमीच्या बोर्डात काय धरणार? त्यात रेडिएटर पाण्यासकट जड. स्टड फाइंडरने बोर्डामागचं उभं लाकूड, म्हणजे स्टड, शोधा, साधारण दर 400 किंवा 600 मिमीवर एक असतं, त्यात स्क्रू गेला की मिटलं. नसेल तर मागचा बोर्ड कापून दोन स्टडमध्ये आडवं लाकूड टाका, बोर्ड परत लावा, रेडिएटरमागे जोड दिसतोय कुणाला!

मीनल_के: बोर्डावरून प्लाय ठोकू नका मात्र, रेडिएटर पुढे येतो मग पाइप जुळत नाहीत. आणि आधी बघा बोर्डामागे ब्लॉकची भिंत आहे का, इकडे बऱ्याच घरांत बोर्ड नुसता चिकटवलेला असतो, तसं असेल तर लांब फिक्सिंग थेट ब्लॉकमध्ये.

रेडिंगकर: बारीक भोक पाडून बघितलं, आत पोकळच. म्हणजे रेडिएटर उतरवावा लागणार?

जुना_खिळा: हो. दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, लॉकशील्डला (त्यातला टोपीखालचा, प्रवाह ठरवून ठेवलेला व्हॉल्व्ह) किती फेरे दिले ते लिहून ठेवा, परत तेवढेच उघडायचे. खाली जुने टॉवेल टाका, पाणी काळंकुट्ट निघतं.