सत्तरीनंतर परत चाचणी द्यायला हरकत काय?

मृद्गंध: काल इथे एकांनी लिहिलं, "चाळीस वर्षं बिनअपघाती गाडी चालवणाऱ्याची परत परीक्षा घेणं हा त्याचा अपमान आहे." वाचून डोकंच फिरलं. मध्यंतरी बाबांच्या शेजारी बसले होते. चौकात वळताना त्यांनी मान वळवलीच नाही, नुसता आरसा पाहिला. मणक्याच्या दुखण्यामुळे मान वळतच नाही त्यांची. सायकलवाला ओरडला तेव्हा कुठे ब्रेक लागला. डाव्या दारावरच्या ओरखड्याला उत्तर ठरलेलं, "उभ्या गाडीला कुणीतरी घासून गेलं." जपानमध्ये 75 नंतर परवाना नूतनीकरणाला स्मरणशक्तीची आणि आकलनाची चाचणी द्यावीच लागते. 2022 पासून ठरावीक नियम मोडलेल्यांना गाडीही चालवून दाखवावी लागते. यात अपमान कसला?

अवलिया: तुमच्या बाबांची मान आखडली म्हणून सगळ्यांना रांगेत उभं करणार? डेन्मार्कने 70 वरच्यांना आकलन चाचणी लावली होती. 2012 मध्ये आलेल्या अभ्यासात तिचा सुरक्षेला काहीच फायदा दिसला नाही, उलट पायी आणि सायकलवर जीव गमावणारे वृद्ध वाढले. माझ्या आत्याची गाडी बंद झाली आणि तिचं घराबाहेर पडणंच संपलं. दोन वर्षांत माणूस खचला. त्याची जबाबदारी कोण घेणार?

कोरा कागद: आधी मोबाईल बघत गाडी हाकणाऱ्या पोरांना आवरा. आणि रात्री समोरून येणारे ते पांढरेफटक एलईडी! माझे डोळे ठणठणीत आहेत, तरी क्षणभर रस्ता दिसेनासा होतो.

सांजवात: अगदी! उंच गाड्यांचे दिवे तर थेट डोळ्यांत घुसतात. लो बीमवर असले तरी तेच.

कोरा कागद: बाहेरून बसवून घेतलेले तर त्याहून वाईट. ते तपासतं का कुणी?

मृद्गंध: दिव्यांसाठी वेगळा धागा काढा ना! इथे जिवाचा प्रश्न चाललाय.

सांजवात: आवाज चढवू नका. दिवे याच प्रश्नात येतात. वयाबरोबर डोळ्याचं भिंग धुरकट होतं, डोळे दिपले की नजर सावरायला जास्त वेळ लागतो. तुमची चाचणी होणार भर दुपारी, मोकळ्या रस्त्यावर. ती पास झालेला माणूस रात्री पावसात काय करेल, हे तिच्यातून कसं कळणार?

मृद्गंध: मग दिवसापुरता परवाना द्या. काही देशांत तशी अट घालतातच.

अवलिया: बरं, सरसकट काढून घेण्यापेक्षा ते परवडलं, एवढंच म्हणेन. पण वय बघून नको. ज्याची नजर अधू, मान आखडलेली, त्याला लावा. मग तो तिशीतला का असेना.

मृद्गंध: आणि ते शोधणार कोण? बाबा स्वतःहून सांगणार नाहीत. मी बोलले की घरात आठवडाभर अबोला. डॉक्टर म्हणतात, "जरा जपून चालवा." तुम्ही आत्याचं सांगितलंत, ते मला कळतं. पण बाबांना "आता बास" म्हणणारं कुणीतरी घराबाहेरचं हवं, आणि ते सायकलवाला गाडीखाली येण्याआधी हवं.