चीनचं परराष्ट्र धोरण शिकायचं आहे, सुरुवात कुठून करू?

पऱ्हाटीवाली:
नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातली, बीए तिसरं वर्ष, राज्यशास्त्र. पुढे चीनच्या परराष्ट्र धोरणावर एमए करायचं डोक्यात आहे. आमच्या नोट्समध्ये पंचशील, मग १९६२, मग एकदम डोकलाम. मधली वर्षं कुठे गेली देव जाणे. यूट्यूब उघडावं तर रोज कोणीतरी चीनला दणका देतंय. बाबा म्हणतात, "चीनचं शिकून काय करतं वो माय, बीएड कर." चिनी भाषा आल्याशिवाय भागतच नाही का? आणि गावात बसून काय वाचता येईल?

हिंगणघाटकर:
ताई, मी दिल्लीत हाच विषय शिकलो, आता इकडे कॉलेजात शिकवतो. मधली वर्षं पटकन सांगतो: १९७१ ला संयुक्त राष्ट्रांतली जागा, १९७२ ला निक्सन बीजिंगला, १९७८ पासून डेंग शियाओपिंगच्या आर्थिक सुधारणा, २००१ ला जागतिक व्यापार संघटना. पंचशीलही अगदीच सोडू नका. २९ एप्रिल १९५४ चा तो करार मुळात तिबेटशी व्यापाराचा, पण त्यातली पाच तत्त्वं चीनच्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकात आहेत.

तुमच्या जागी मी मात्र कापसापासून सुरू केलं असतं. २०११ ला चीन सरकारने आपल्या कास्तकारांचा कापूस टनाला १९,८०० युआनने घेऊन गोदामं भरायला घेतली. तिथला कापूस महागला, सूतगिरण्यांनी बाहेरून मागवला, आणि आपल्या गठाणी तिकडे निघाल्या. (मार्च २०१२ ला आपल्याच सरकारने निर्यातीवर बंदी घातली, ती एक वेगळीच रडकथा.) २०१४ ला चीनने ती खरेदी बंद केली आणि आपलं मोठं गिऱ्हाईक आटलं. बीजिंगचा हा निर्णय घरच्या कास्तकारासाठी होता, आपला विचार त्यात कुठेच नव्हता. चीनच्या बाहेरच्या वागण्याचं मूळ बहुतेक वेळा असं घरात सापडतं.

चीनचा कापूस आता बहुतेक शिनजियांगचा, म्हणजे वायव्येकडच्या प्रांतातला. सक्तीच्या मजुरीच्या मुद्द्यावर जून २०२२ पासून अमेरिकेने तिथल्या मालाला दार लावलं. ऑक्टोबरात शिनजियांगवर नुसती चर्चा घ्यावी का, यावर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत मतदान झालं: बाजूने १७, विरोधात १९, तटस्थ ११. भारत तटस्थ. ती यादी काढा, आणि प्रत्येक देशासमोर त्याचं चीनशी देणंघेणं लिहा. शंभर व्हिडिओ पाहण्यापेक्षा हे बरं.

कृषी_केंद्र_कारंजा:
सर, मले धोरण-बिरण समजत नाही, पण २०२१ च्या ऑक्टोबरमंधी चीननं खताच्या निर्यातीवर तपासणीचं लफडं लावलं, आन् ऐन हरभऱ्याच्या पेरणीत अठरा-सेहेचाळीसची, म्हंजे डीएपी खताची, बोंब झाली. लोकं मलेच शिव्या द्याचे, का यानंच गोदामात दाबून ठेवलं. वरतून कंपनीवाले लिंकिंग करे: दहा पोते डीएपी पायजे त नॅनो युरियाच्या बाटल्या घ्या. आता बीजिंगचं कास्तकाराले कसं समजवू?

हिंगणघाटकर:
भाऊ, तुम्ही तर अर्धा धडा शिकवून टाकला. तेव्हा चीनला आपल्या देशात खत पुरेसं आणि स्वस्त ठेवायचं होतं. पुन्हा तेच, आधी घर.

पऱ्हाटीवाली:
सर, यादी मिळाली. भाषेचं आणि वाचायचं सांगा ना.

हिंगणघाटकर:
एमएपुरतं इंग्रजीवर भागतं. पीएचडी करायची असेल तर चिनी शिकाच, दुसऱ्याच्या अनुवादावर किती दिवस जगणार? दिल्ली विद्यापीठात पूर्व आशियाई अध्ययनाचं एमए आहे, प्रवेश सीयूईटी-पीजी या परीक्षेतून. भाषेसाठी जेएनयू, नाहीतर शांतिनिकेतनचं चीना भवन, १९३७ पासूनचं. घरबसल्या वाचायला चीनच्या परराष्ट्र खात्याच्या पत्रकार परिषदा, संकेतस्थळावर इंग्रजीत मिळतात. सुरुवातीला कंटाळा येईल, तेच तेच बोलतात. पण एखादं नेहमीचं वाक्य एक दिवस गायब होतं, तिथे थांबायचं.

बाबांना हेही सांगा, १९३८ ला काँग्रेसने चीनला पाच डॉक्टर पाठवले, त्यात सोलापूरच्या कोटणीसांबरोबर आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते. विदर्भाला चीन काही नवा नाही.

पऱ्हाटीवाली:
बाबांनी चोळकरांचं ऐकून घेतलं, बीएडचा फॉर्म मात्र तरीही भरायचाच आहे. यादीत इंडोनेशिया विरोधात, मलेशिया तटस्थ, आफ्रिकेतून सोमालिया बाजूने! सुरुवात कोणापासून करू?

हिंगणघाटकर:
कझाकस्तान. मत विरोधात, शिनजियांगला लागून लांबच लांब सीमा, आणि २०१३ च्या सप्टेंबरात शी जिनपिंग यांनी नव्या रेशीम मार्गाची (आजचं 'बेल्ट अँड रोड') घोषणा केली ती तिथेच, अस्तानात. ते भाषण इंग्रजीत आहे, आधी ते वाचा.