मदत हवी आहे : 'नाशिक व्हॅली वाइन' मानांकनाच्या अधिकृत वापरकर्ता नोंदणीबाबत

नमस्कार. दिंडोरी तालुक्यात आमची शेनिन ब्लां या वाइनच्या द्राक्षवाणाची तीन एकर बाग आहे. यंदा तोडणीच्या पहाटे मण्याचा रस रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर घेतला, साखर २२ ब्रिक्स (म्हणजे रसात साधारण २२ टक्के) भरली आणि ही वाइन आपल्या मातीच्या नावानेच विकायची, असे घरात ठरले. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मात्र १९९९ च्या कायद्यानुसार ते लेबलवर वापरण्यासाठी चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते. आमची द्राक्षे दुसऱ्यांच्या वायनरीत गाळली जातात. अशा वेळी अर्ज बागायतदाराने करावा की वायनरीने, आणि सोबत कोणती कागदपत्रे जोडावीत? ही नोंद स्वतः केलेल्यांनी कृपया सविस्तर कळवावे. पुढच्या छाटणीपूर्वी अर्ज दाखल करण्याची आमची मनापासून इच्छा आहे.