बारावीचा नॅनोकेमिस्ट्रीचा धडा: टीव्हीवर काय दाखवावं?

शहाद्याचा_मास्तर: बारावी रसायनशास्त्राचा शेवटचा धडा, ग्रीन केमिस्ट्री आणि नॅनोकेमिस्ट्री. आमची प्रयोगशाळा जेमतेम, पण वर्गात स्मार्ट टीव्ही लागलाय. ॲनिमेशन लावलं की पोरं गुपचूप बघतात. नंतर विचारावं तर रक्तात पोहणारा रोबोट तेवढा लक्षात! एकाने विचारलं, "सर, हाई खरं शे का?" काय दाखवू, कोणत्या क्रमाने? नेटचा भरवसा नाही, हेही धरा.

जळगावची_केमिस्ट्री: त्या पोराच्या प्रश्नावरच अख्खा तास घ्या, सर. तो रोबोट चित्रकाराचा. दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच साधारण 400 ते 700 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग), मग 20 नॅनोमीटरच्या कणाचा साध्या मायक्रोस्कोपखाली फोटो निघेल कसा? पोरांनाच भांडू द्या यावर.

मी टीव्ही आधी लावतच नाही. 1 सेंटीमीटरचा घन फळ्यावर काढते आणि त्याचे 1 नॅनोमीटरचे घन केले तर एकूण पृष्ठफळ किती, हे वहीत करायला लावते. 6 चौरस सेंटीमीटरचे 6,000 चौरस मीटर होतात. शून्यांत निम्मा वर्ग गडबडतो. मग एखादं शेतकऱ्याचं पोरगं गुंठे करून ओरडतं, "मॅडम, दीड एकर!" उत्प्रेरकाची पूड इतकी बारीक का लागते, ते वेगळं सांगावं लागत नाही.

त्यानंतर आयबीएमची 2013 ची छोटी फिल्म. तांब्याच्या पृष्ठभागावर उणे 268 अंशांना कार्बन मोनॉक्साइडचे रेणू एसटीएमच्या (स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपच्या) सुईने एकेक सरकवून केलीय. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, थांबवत थांबवत लावा. ठिपक्यांभोवती पाण्यासारख्या लहरी दिसतात, त्या तांब्यावरच्या इलेक्ट्रॉनच्या. ठिपके खऱ्या रेणूंचेच, पण तो फोटो नव्हे, सुईने चाचपून काढलेला नकाशा.

केळीवाला_रावेर: मी शिक्षक नाही, पोरगी बारावीला आहे. नॅनो युरियाची अर्धा लिटरची बाटली वर्गात न्या ना! युरियाच्या गोणीइतका गुण येतो का, यावर शास्त्रज्ञांतच वाद आहे. आमच्या बांधावर तर रोजच.

जळगावची_केमिस्ट्री: भाऊ, बाटली नक्की नेणार. दोन्ही बाजूंच्या बातम्या टीव्हीवर शेजारी शेजारी लावते.

शहाद्याचा_मास्तर: दीड एकर उद्याच करतो. फिल्म पेनड्राइव्हवरून चालेल ना?

जळगावची_केमिस्ट्री: चालेल. एमपी4 मध्ये घ्या, काही टीव्ही बाकीचं उघडतच नाहीत. आणि आदल्या दिवशी एकदा लावून बघा.