दुखणं थांबलं म्हणजे स्नायू तयार झाला असं नाही

मालवणच्या दादांची हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, दुखावलीय आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून वजनाचा बार उचलायचा व्यायाम) पुन्हा कधी सुरू करू असं त्यांनी विचारलंय. त्यावर "महिनाभर पूर्ण विश्रांती आणि रोज स्ट्रेचिंग" हा इथे कुणीतरी दिलेला सल्ला मला अजिबात पटला नाही. मी रत्नागिरीत स्ट्रेंथ ट्रेनिंग शिकवतो, कबड्डीच्या मोसमात हॅमस्ट्रिंग धरलेली मुलं सारखी येतात. सुरुवातीचे काही दिवस जपायचंच, पण ताज्या दुखापतीत जोर लावून ताणलं तर जुळत आलेले तंतू पुन्हा उसवतात.

लंगडणं थांबलं की हलका भार द्या. आधी उताणं झोपून टाचा दाबत कंबर उचला. ते न दुखता जमलं की रिकाम्या बारने रोमानियन डेडलिफ्ट: गुडघे किंचित वाकलेले, बार मांडीला लागून, कंबर मागे नेत सावकाश खाली. खाली जाणंच महत्त्वाचं, कारण वेगात धावताना पाऊल टेकायच्या जरा आधी, स्नायू लांबत असतानाच तो बहुधा फाटतो. नॉर्डिक कर्ल (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे घट्ट धरवून, धड सावकाश पुढे झुकवत नेणं) अगदी शेवटी.

आणि रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर धावायची घाई नको. भुसभुशीत वाळूत पाय रुततो, मागच्या स्नायूंवर ताण वाढतो. ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवरून आधी नुसतं चाला.

दादा, दुखापतीच्या वेळी 'कट्' आवाज आला होता का? बसताना कुल्ल्याच्या हाडापाशी दुखतं, मांडी काळीनिळी झालीय? तसं असेल तर व्यायाम थांबवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.