भात उद्या कापू की दोन दिवस थांबू?

खानापूरकर: परतीचा पाऊस गेला म्हणतात पण आमच्याकडं परवा दुपारी चारला असा कोसळला की बांधावर उभं राहता येईना. इंद्रायणी भात पिकून लोंब्या जमिनीला टेकायल्यात, माणसं उद्याची ठरलीत, काय करू सांगा की.

निपाणीचा शेतकरी: दादा, वारं बघा. ईशान्येकडनं कोरडं वारं सुटलं, रात्री आभाळ मोकळं आणि पहाटे गवतावर दव दिसलं की मग कापा. अजून दुपारी घामाच्या धारा आणि घाटाकडं ढग चढतायत म्हणजे संध्याकाळी गडगडणार. आणि आपल्या बेळगाव जिल्ह्याचा एकच अंदाज धरू नका, अथणीला ऊन असतंय तेव्हा घाटाकडच्या कणकुंबीत पाऊस असतोय.

उचगावची ताई: नाऊकास्ट म्हणजे हवामान खात्याचा तातडीचा अंदाज, तो फक्त पुढच्या 3 तासांचा असतो काका, त्यावर उद्याचं ठरवू नका. दामिनी ॲप मात्र ठेवाच, वीज जवळ पडायली की कळतंय, झाडाखाली अजिबात थांबायचं नाही. गेल्या साली आम्ही कापून पसरलं नि रात्री भिजलं, तिसऱ्या दिवशी लोंबीतच कोंब, रडू आलं बघा.

खानापूरकर: आज पहाटे दव नव्हतंच. माणसांना परवाचं सांगतो, ताडपत्री आजच आणतो.