फुटपाथवरच्या मुलांनी पुलाखालीच शिकायचं का?

हजेरीपट (धागाकर्ता)

परवा ‘सडेतोड’ यांनी इथे लिहिलं की सिग्नलवरची, फुटपाथवरची मुलं महापालिकेच्या नेहमीच्या शाळेत घालण्याचा हट्ट सोडा. ती टिकत नाहीत, बाकीच्या वर्गाचंही नुकसान होतं, तेव्हा ठाण्यासारख्या सिग्नल शाळा, म्हणजे फक्त याच मुलांसाठीच्या शाळा, प्रत्येक पुलाखाली काढा. खाली ‘अगदी मनातलं बोललात’ची रांग. प्रतिसादाच्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळा धागा.

ठाण्यातल्या त्या तीन हात नाक्याच्या सिग्नल शाळेबद्दल मला वाकडं बोलायचं नाही. २०१६ पासून जुन्या कंटेनरमध्ये ती चालते, २०१९ मध्ये तिथली मुलं दहावी पास झाली. उत्तम. पण एका ठिकाणी माणसांनी जीव ओतून केलेली गोष्ट दाखवून बाकी सगळ्या शाळांना सुट्टी देऊन टाकायची, हे कुठलं गणित?

कायदा बघा. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून थांबवता येत नाही. वयानुरूप वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचं. हे २००९ च्या कायद्यात आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. म्हणजे दार उघडं आहे. मूल आत आल्यावर पुढे काय होतं, ते कुणी बघत नाही.

फुटपाथवरचं बिऱ्हाड एका जागी राहत नाही. पालिकेची गाडी येते, ताडपत्री, भांडी आणि त्याबरोबर दप्तरही उचलून नेते. बिऱ्हाड चार सिग्नल पलीकडे जातं. पावसाळ्यात आणखी कुठे. शाळेच्या लेखी हे मूल ‘सतत गैरहजर’. नाव कमी. मग नव्या वस्तीजवळच्या शाळेत पुन्हा पहिल्यापासून ओळखपरेड. अकरा वर्षांचा मुलगा तीन शाळांत दुसरीच शिकलाय, असं मी पाहिलं आहे. तो शाळेत टिकला नाही म्हणायचं, की शाळेने त्याला टिकवला नाही?

बिऱ्हाड हललं तरी मुलाची शाळा हलू नये, एवढंच मागणं आहे. बसचा पास द्या, दप्तर-पुस्तकं शाळेतच राहू द्या, सकाळी हातपाय धुवायला पाणी आणि साबण द्या, आणि नाव कमी करण्याआधी मूल कुठे गेलं हे शोधायची जबाबदारी वॉर्डात एका माणसावर टाका. याला नवीन इमारत लागत नाही.

सडेतोड

विपर्यास करायची हौस आहे तर करा. ‘घालू नका’ असं मी म्हटलं नव्हतं, ‘थेट घालू नका’ म्हटलं होतं. हा शब्द तुम्ही सोयीने गाळलात.

मी काही वर्षं रविवारी पुलाखाली शिकवायला जातो. तुमच्या त्या लाडक्या वयानुरूप प्रवेशाने एका मुलाला पाचवीत बसवलं. त्याला ‘क’ येत नव्हता. बाईंनी उभं केलं, वर्ग हसला, शेजारच्या पोराने नाकाला रुमाल लावला. तो परत गेला नाही. वर मला म्हणाला, ‘गजरे विकताना तरी कुणी हसत नाही.’ विशेष प्रशिक्षण कुठे होतं? कागदावर. कोण देणार होतं? त्याच बाई, ज्यांच्यापुढे आधीच भरलेला वर्ग आहे.

पुलाखालची शाळा मुलाच्या वेळेला उघडते, आधी आंघोळ घालते, पोटात काहीतरी घालते, आईला रस्त्याच्या पलीकडून पोर दिसत राहतं. हे वेगळेपण नाही, ही पायरी आहे. पायरी न ठेवता गच्चीवर चढा म्हणणारे तुम्ही.

खडूवाली

दोघांनाही नमस्कार. ‘त्याच बाई’ मी आहे. म्हणजे तुमच्या गोष्टीतली नव्हे, पण तशीच एक, पालिकेच्या शाळेतली.

हजेरीपट, ‘एका माणसावर जबाबदारी टाका’ हे वाक्य वाचून हसू आलं. तो एक माणूस शेवटी शिक्षकच असतो. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण आम्हीच करायचं, अशा मुलांना शाळेत परत आणणारे ‘बालरक्षक’ आम्हीच व्हायचं, मतदारयादीसाठी घरोघर फिरणारे बीएलओही आम्हीच. आणि सडेतोड, नाकाला रुमाल लावणाऱ्या पोराला तिथल्या तिथे गप्प करणाऱ्या बाईही असतात हो. त्यांच्या गोष्टी कुणी रविवारी सांगत नाही.

खरं दुखणं वेगळं आहे. पुलाखालची दोन भावंडं मी स्वतः हाताला धरून आणली. जन्मदाखला नाही, आधार नाही. मुख्याध्यापकांनी कायद्याप्रमाणे घेतली, जनरल रजिस्टरला नावं चढली. संच मान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या वेळी काय? आधार वैध नाही, म्हणून मोजणीत नाहीत. मुलं वर्गात बसतात, खिचडी खातात, वह्या भरतात, पण शिक्षकाचं पद ठरवताना ती अस्तित्वातच नाहीत. काठावरच्या शाळेत अशा मुलांपायी एक शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. आता सांगा, कुठला मुख्याध्यापक उत्साहाने दार उघडेल?

काटेकोर

आधारला नावं ठेवायची फॅशनच आहे. २०११ ची पटपडताळणी विसरलात? बोटाला शाई लावून मुलं मोजायची वेळ आणली होती संस्थाचालकांनी. नावं शाळेत, पोरं कुठेच नाहीत, अनुदान मात्र वेळेवर. एकच पोर तीन शाळांच्या पटावर. आधार आलं म्हणून हे आटोक्यात आलं. बेघर मुलांच्या नावाखाली पुन्हा तेच दुकान उघडायचं आहे का?

खडूवाली

चोरी केली संस्थाचालकांनी, आणि झडती पुलाखालच्या पोराची? सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ ला स्पष्ट सांगितलं की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही. प्रवेशाला सक्ती नाही, मोजणीला आहे. म्हणजे पाहुण्याला या म्हणायचं आणि ताट मांडायचं नाही.

काटेकोर

मग शाळेत आधारचं शिबिर लावा. अर्ध्या दिवसाचं काम. रडण्यापेक्षा सोपं.

तिसरा बाक

काटेकोरराव, शिबिर लावून पाहिलंय. आईचंच आधार नाही. पत्ता काय लिहायचा, ‘खांब क्रमांक अमुक’? जन्मदाखला काढू म्हटलं तर नोंद एका वर्षाच्या आत झाली नसेल तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. मूल जन्मलं कुठे, तर रस्त्यावर. साक्षीदार कोण, तर शेजारचं तितकंच बिनकागदाचं बिऱ्हाड. जे काही कागद पिशवीत होते ते अतिक्रमणाच्या गाडीतून गेले. तुमचा अर्धा दिवस कुठल्या वर्षातला?

आणि पुढची गंमत ऐका. समजा पोरगं दहावीपर्यंत पोचलं. कुटुंब फासेपारधी, म्हणजे अनुसूचित जमाती. जातीच्या दाखल्याला १९५० च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा आणा. ज्यांच्या आजोबाला गावाने वेशीच्या आत येऊ दिलं नाही, त्याच्या नातवाने आजोबांचा महसुली उतारा दाखवायचा.

काटेकोर

जातीचा दाखला कुठून आला इथे? विषय शाळेचा आहे.

तिसरा बाक

आधार तुम्ही आणलंत. आता जात नको होय?

काटेकोर

भाषा सांभाळा. मी नियम सांगतोय, तुम्ही भावना विकताय.

सातासमुद्रापार

इथे अमेरिकेत बेघरांसाठी १९८७ पासून मॅकिनी-व्हेंटो कायदा आहे. घर गेलं तरी मुलाला आधीच्याच शाळेत राहायचा हक्क, पालकांनी मागितलं तर जायची-यायची सोय करून द्यायची, कागद नसले तरी प्रवेश ताबडतोब, आणि प्रत्येक शाळा-जिल्ह्यात यासाठी नेमलेली व्यक्ती. नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहणारं, मोटेलमध्ये राहणारं मूलही बेघरच धरतात. हजेरीपट जे मागतायत ते जवळपास हेच.

सडेतोड

आलं का अमेरिकेचं पुराण! इतका सुंदर कायदा आहे तर तिथल्या गाड्यांमध्ये झोपणारी मुलं कुठून आली?

सातासमुद्रापार

तो कायदा घर देत नाही, शाळा टिकवतो. प्रश्न शाळेचाच होता ना? माझ्या मुलीच्या वर्गातली एक मुलगी रोज टॅक्सीने यायची. मला वाटायचं, श्रीमंतांचे चोचले. नंतर कळलं, आई निवाऱ्यात राहते आणि टॅक्सी जिल्ह्याच्या पैशाची. आमचेच काही भारतीय पालक तेव्हा कुरकुरले होते, ‘आमच्या टॅक्समधून’ म्हणून. त्यामुळे इथले सूर ओळखीचे वाटले.

कोयत्याचा पोर

बराच वेळ वाचतोय. सगळे दुसऱ्यांच्या पोरांबद्दल बोलताय, म्हणून लिहितो. आम्ही ऊसतोड्ये. फुटपाथ नाही, पण वर्षातले सहा महिने पाचटाची कोपी हेच घर. दसरा-दिवाळीला निघायचं, उन्हाळ्यात परत.

कारखान्यावर साखरशाळा होती. वेगळी शाळा, फक्त आमची. सडेतोड म्हणतात तशी आपुलकीची. वाचायला मी तिथेच शिकलो, ते नाकारत नाही. पण गावी परत आलो की गावच्या शाळेला ती हजेरी मान्य नसायची. सहामाहीनंतरचं सगळं कोरं. हेडमास्तर म्हणायचे, तिकडे काय शिकलास ते तिकडेच ठेव. एका गुरुजींनी माझं नाव पटावरून कमी केलं नाही. नियमात बसत नव्हतं, तरी ठेवलं. त्या नावावर मी पुढच्या वर्गात गेलो. आज नोकरी आहे.

आता म्हणे स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवून कुठल्याही शाळेत बसता येतं. गावी गेलो की विचारतो. निम्म्या पोरांना ते ठाऊक नाही. गावात मागे राहणाऱ्या पोरांसाठीचं हंगामी वसतिगृह निघतं तेव्हा अर्धी गाडी फडावर पोचलेली असते.

सडेतोड

म्हणजे तुम्ही वेगळ्या शाळेतच वाचायला शिकलात. माझाच मुद्दा झाला. धन्यवाद.

कोयत्याचा पोर

घ्या धन्यवाद. पण नाव दुसऱ्या शाळेत होतं म्हणून पुढे गेलो, हे वाक्य तुम्ही सोयीने गाळलंत. ‘थेट’ शब्द गाळला म्हणून वर कोण ओरडत होतं?

हजेरीपट

शाब्बास.

सडेतोड, पायरी म्हणून वेगळी शाळा मलाही चालेल. मात्र पहिल्या दिवसापासून मुलाचं नाव शेजारच्या नेहमीच्या शाळेच्या पटावर हवं, पुलाखालची हजेरी तिथे धरली गेली पाहिजे, आणि पायरी कधी संपते ते आधी ठरलं पाहिजे. नाहीतर पायरीवरच संसार थाटला जातो. आणि मोफत शाळा पुलाखाली दिली की पालिका हात झटकते, ‘त्यांची सोय झालीय.’ रात्रनिवाऱ्यांचं तेच झालं. शहरात लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक चोवीस तासांचा निवारा हे सर्वोच्च न्यायालयाने सांगून किती वर्षं झाली? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दोन लाखांहून जास्त बेघर मोजले होते, आणि तेही एका रात्रीत सापडले तेवढेच.

सडेतोड

नाव पटावर ठेवायला माझी हरकत कधीच नव्हती. दप्तर शाळेत ठेवायचं, तेही मान्य, कारण गाडीने दप्तरं नेलेली मी पाहिली आहेत. पण सुरुवात पुलाखालीच. आणि बसचा पास वगैरे स्वप्नं बघू नका, आठ वर्षांच्या पोराला एकट्याला बसमध्ये कोण चढवणार? आई गजरे सोडून?

खडूवाली

हा प्रश्न मात्र बरोबर आहे, आणि तो तुम्ही विचारावा याचं वाईट वाटतंय. मोठं भावंड असेल तर जमतं. नसेल तर नाही जमत. आमच्याकडे एक सफाई मावशी येता येता दोन पोरांना घेऊन यायच्या. त्या निवृत्त झाल्या, पोरंही थांबली. मावशींचं पद पुढे भरलं गेलं नाही.

काटेकोर

त्या पोरांचं आधार झालं होतं का पण?

तिसरा बाक

धागाकर्ते, यांना कुणीतरी आवरा.

हजेरीपट

संच मान्यता आणि आधारवाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा. इथे अर्धी जागा त्यांनीच खाल्ली.

खडूवाली

काढते. बीएलओचं काम रविवारपर्यंत संपलं तर.